भारतीय बालयकृत् सूत्रण : कारणशोधाचा इतिहास

साधारणतः सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या, विशेषतः एक ते तीन वर्षे वयाच्या मुलांना होणारा आणि यकृतातील कोशिकांचा नाश होऊन त्या जागी तंतुमय ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) निर्माण करणारा एक मारक विकार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत भारताच्या अनेक भागांत, महाराष्ट्रातही, हा विकार आढळत असे. आता तो अतिशय विरळ झाला आहे. तथापि वैद्यकाच्या इतिहासात त्याला विशेष स्थान आहे. इंद्रियाच्या बिघाडाचे कारण प्रथम कोशिकेत शोधले जाते, हे आधुनिक विकृतिविज्ञानाचे (रोगामुळे शरीरात होणाऱ्या बदलांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राचे) मूलतत्त्व होय. या विकाराच्या बाबतीत कोशिकेने पुरावा दिला. परंतु त्या पुराव्याचा अर्थ लावण्यासाठी संशोधकांना कोशिकेबाहेर, थेट घरातील दुधाच्या भांड्यापर्यंत जावे लागले. त्यानंतरही सर्व प्रश्नांची उत्तरे मिळाली असे म्हणता येत नाही.

स्वरूप : विकाराचा आरंभ नकळत होतो. मूल चिडचिडे होते, त्याची भूक मंदावते, अंगात बारीक ताप राहतो आणि पोट हळूहळू मोठे दिसू लागते. तपासणीत यकृत वाढलेले व टणक लागते. त्याची खालची कड धारदार असल्याचे बोटांना जाणवते. पुढे प्लीहाही वाढते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी कावीळ, जलोदर (उदरपोकळीत द्रव साठणे) व रक्तस्राव ही लक्षणे उद्‌भवतात. ती दिसू लागल्यावर मूल वाचण्याची आशा पूर्वी जवळजवळ नसे. एकाच घरात एकामागून एक अपत्ये याच विकाराने दगावल्याच्या नोंदी पुष्कळ आहेत. त्यामुळे अशा घरांत नव्याने जन्मलेल्या मुलाचे पोट थोडे मोठे दिसले, तरी आईवडिलांना धास्ती वाटत असे.

सूक्ष्मदर्शकाखाली यकृताचे चित्र वैशिष्ट्यपूर्ण दिसते. यकृत्-कोशिका फुगलेल्या असतात. त्यांपैकी अनेकींमध्ये काचेसारख्या एकजिनसी प्रथिनाचे पुंजके असतात. अमेरिकन विकृतिवैज्ञानिक फ्रँक मॅलरी यांनी १९११ साली मद्यपी व्यक्तींच्या यकृतात अशा पुंजक्यांचे वर्णन केले होते. म्हणून त्यांना ‘मॅलरी पिंड’ म्हणतात. नाश पावणाऱ्या कोशिकांभोवती श्वेतकोशिकांचे कडे जमते आणि प्रत्येक कोशिकेभोवती तंतूंचे बारीक जाळे विणले जाते. इतर प्रकारच्या सूत्रणात उरलेल्या कोशिका वाढून मोठ्या गाठी तयार होतात. येथे ही पुनर्जननाची क्रिया फारच क्षीण असते. दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या मुलाच्या यकृतात मद्यपी प्रौढाच्या यकृतासारखे बदल का दिसावेत, हा प्रश्न अनेक वर्षे अनुत्तरित होता.

पार्श्वभूमी : रोगाचे स्थान शरीरातील विशिष्ट इंद्रियात असते, हा विचार इटालियन शारीरविज्ञ जोव्हान्नी बात्तीस्ता मोर्गान्ये (१६८२–१७७१) यांनी १७६१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शवविच्छेदनांच्या आधारे मांडला. फ्रेंच वैद्य रने लाएनेक (१७८१–१८२६) यांनी १८१९ साली कठीण झालेल्या, पिवळसर दिसणाऱ्या यकृताला ‘सिऱ्होसिस’ हे नाव दिले. ते पिवळसर तपकिरी रंगाच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेले आहे. सूत्रण ही मराठी संज्ञा मात्र रंगावरून नव्हे, तर यकृतात माजणाऱ्या तंतूंवरून आलेली आहे. जर्मन विकृतिवैज्ञानिक रूडोल्फ फिरखो (१८२१–१९०२) यांनी १८५८ साली बर्लिन येथे दिलेल्या व्याख्यानांत रोगाचे अंतिम स्थान कोशिका हेच होय, असे प्रतिपादन केले. त्यामुळे ‘कोणते इंद्रिय बिघडले ?’ या प्रश्नाची जागा ‘त्यातील कोणती कोशिका बिघडली आणि कशामुळे ?’ या प्रश्नाने घेतली. यांपैकी पहिल्या भागाचे उत्तर सूक्ष्मदर्शकाने मिळे. दुसऱ्या भागाचे उत्तर मिळण्यास रसायनशास्त्राची व रोगपरिस्थितीविज्ञानाची (लोकसमूहांतील रोगांच्या प्रसाराचा व कारणांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राची) जोड लागली.

पहिल्या नोंदी : या विकाराचे पहिले स्पष्ट वर्णन १८८७ साली कलकत्ता येथे सेन यांनी ‘बालयकृत्’ या अर्थाच्या नावाखाली केले. त्यानंतर बंगाल व दक्षिण भारत येथून अशाच स्वरूपाच्या रुग्णांचे वृत्तांत प्रसिद्ध होत राहिले. १९३५ साली एम. व्ही. राधाकृष्ण राव यांनी विकारग्रस्त यकृताच्या ऊतकरचनेचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीय वैद्यक अनुसंधान परिषदेच्या यकृत्-विकारविषयक उपसमितीने १९५५ साली या विकाराचा देशपातळीवरील आढावा घेतला आणि १९६० साली आचार, राजू व श्रीरामाचारी यांनी त्याचे लक्षणात्मक व विकृतिवैज्ञानिक वर्णन एकत्र मांडले. १९५८ साली इटालियन वैद्य जॉर्जो मेंगीनी यांनी पोकळ सुईने क्षणार्धात यकृताचा तुकडा काढण्याची पद्धत प्रचारात आणली. तिच्यामुळे जिवंत मुलाच्या यकृताची जीवोतक परीक्षा (जिवंत शरीरातून ऊतकाचा अंश काढून केलेली परीक्षा) करणे सुकर झाले. तोपर्यंत रोगाची केवळ अखेरची अवस्था शवविच्छेदनात दिसत असे; आता त्याच्या आरंभीच्या अवस्थाही पाहता येऊ लागल्या.

आरंभीच्या कल्पना : कारणांविषयी निरनिराळ्या काळी निरनिराळ्या कल्पना पुढे आल्या. कुपोषण हे कारण प्रथम सुचविले गेले. परंतु विकार खात्यापित्या मध्यमवर्गीय घरांतही वारंवार आढळत असल्याने ते टिकले नाही. एकाच आईवडिलांच्या अनेक अपत्यांना विकार होत असल्याने आनुवंशिकतेचा संशय बळावला. पण विकाराचा प्रसार सरळ आनुवंशिक नियमांत नीट बसत नव्हता. व्हायरसजन्य यकृत्-शोथाचीही (यकृताच्या दाहयुक्त सुजेचीही) शंका घेण्यात आली. १९७१ साली म्हैसूर येथील संशोधकांनी भुईमुगाच्या पेंडीवर वाढणाऱ्या बुरशीपासून निर्माण होणाऱ्या अफ्लाटॉक्सिन या विषाकडे लक्ष वेधले. बुरशी लागलेली पेंड पोटात गेलेल्या मुलांना यकृताचे सूत्रण झाल्याचे त्यांनी नोंदविले. परंतु ज्यांच्या आहारात अशी पेंड कधीच नव्हती, अशा असंख्य मुलांच्या विकाराचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नव्हते.

या सर्व कल्पनांत एक समान उणीव होती. हा विकार ग्रामीण भागात व लहान गावांत अधिक, विशिष्ट समाजांत अधिक, विशिष्ट घरांत पुन:पुन्हा आणि आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांतच का होतो, या चारही प्रश्नांना एकत्र उत्तर देणारी कल्पना त्यांत नव्हती. घर आणि समाज यांच्या माध्यमातून रक्तातील जीन (आनुवंशिक घटक) जसे पुढे जातात, तशाच स्वयंपाकाच्या व संगोपनाच्या चालीरीतीही पुढे जातात, ही गोष्ट दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली.

तांब्याचा पुरावा : तांबे हे शरीराला अल्प प्रमाणात आवश्यक असणारे मूलद्रव्य आहे. कोशिकेच्या श्वसनात भाग घेणाऱ्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या एंझाइमाच्या घडणीत ते असते. मात्र ते जादा साचल्यास विषारी ठरते. ही गोष्ट एका निराळ्या विकाराच्या अभ्यासातून लक्षात आली. ब्रिटिश तंत्रिकातज्ज्ञ सॅम्युएल किनियर विल्सन (१८७८–१९३७) यांनी १९१२ साली मेंदू व यकृत या दोहोंना ग्रासणाऱ्या एका आनुवंशिक विकाराचे वर्णन केले. विल्सन रोग या नावाने तो ओळखला जातो. १९४८ साली जॉन कमिंग्ज यांनी या रोग्यांच्या यकृतात व मेंदूत तांब्याचा मोठा साठा असल्याचे दाखविले. १९५६ साली जॉन वॉल्श (१९२०–२०२२) यांनी तांब्याशी बद्ध होऊन त्यास मूत्रावाटे बाहेर नेणारे पेनिसिलामीन हे औषध त्यावर वापरले. पुढे १९९३ साली या रोगास कारणीभूत असलेला जीन सापडला. तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्यासाठी आवश्यक असलेले प्रथिन त्याच्या आज्ञेने तयार होते.

भारतीय मुलांच्या यकृतातील तांब्याकडे लक्ष जाण्यास एक रंजक कारणीभूत झाले. ऑर्सीन या रंजकाची एक सुधारित पद्धती १९७० नंतरच्या दशकात यकृत्-कोशिकांतील ब प्रकारच्या यकृत्-शोथ व्हायरसाचे प्रथिन ओळखण्यासाठी वापरात आली होती. १९७८ साली लंडन येथील बर्नार्ड पोर्टमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धती भारतीय बालयकृत् सूत्रणाच्या नमुन्यांवर वापरली, तेव्हा कोशिकांत गडद तपकिरी कणांची दाटी दिसून आली. मात्र हे कण व्हायरसाचे नसून तांब्याशी बद्ध झालेल्या प्रथिनाचे होते. १९७९ साली ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर, पोर्टमन, पुण्याचे बालरोगतज्ज्ञ आनंद पंडित व इतर संशोधक यांनी अशा यकृतांतील तांब्याचे प्रत्यक्ष मापन प्रसिद्ध केले. निरोगी प्रौढाच्या यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे तांबे सामान्यतः ५० मायक्रोग्रॅमपेक्षा (१ मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लक्षावा भाग) कमी असते. विल्सन रोगात ते बहुधा २५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असते. या मुलांत ते बहुतेक वेळा १,००० मायक्रोग्रॅमच्याही वर होते. त्याच वर्षी हान्स पॉपर (१९०३–८८), इर्विन स्टर्नलिब, एन. सी. नायक इत्यादींनी न्यूयॉर्क व दिल्ली यांच्या सहकार्याने केलेल्या अभ्यासातही कोशिकाद्रव्यात पसरलेले तांबे व त्याचे विषारी परिणाम दाखविण्यात आले.

हा विल्सन रोगाचाच बालपणातील प्रकार नव्हता. विल्सन रोगात तांबे वाहून नेणाऱ्या सेरुलोप्लाझ्मीन या रक्तातील प्रथिनाचे प्रमाण सहसा घटलेले असते. या मुलांत ते प्राकृत किंवा वाढलेले आढळे. विल्सन रोगात डोळ्याच्या स्वच्छमंडलाभोवती दिसणारे तपकिरी-हिरवट कडेही येथे नसे. शिवाय मूल विकाराच्या सुरुवातीलाच, पित्ताच्या प्रवाहात अडथळा येण्यापूर्वी, तांब्याने भरलेले यकृत घेऊन येत असे. पित्तमार्ग तुंबल्याने तांबे नंतर साचते, हे स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे ठरले.

कोशिकेतील बिघाड : आतड्यातून शोषले गेलेले तांबे रक्तावाटे यकृतात येते. यकृत्-कोशिका त्यातील आवश्यक तेवढा अंश प्रथिनांत गुंफते आणि उरलेला पित्तावाटे बाहेर टाकते. तात्पुरता जादा साठा मेटॅलोथायोनीन या गंधकयुक्त प्रथिनाशी बद्ध करून निरुपद्रवी ठेवला जातो. नंतर तो लायसोसोम या पिशवीसारख्या सूक्ष्म घटकांत जातो. हे घटक बेल्जियन जीवरसायनशास्त्रज्ञ क्रिस्त्याँ द दूव्ह (१९१७–२०१३) यांनी १९५५ साली ओळखले. ऑर्सीनने रंगणारे कण मुख्यत्वे याच ठिकाणी असतात. तांब्याची आवक बाहेर टाकण्याच्या क्षमतेहून दीर्घकाळ अधिक राहिली, तर ही साठवण अपुरी पडते. बंधनातून सुटलेले तांबे ऑक्सिजनाच्या अतिविक्रियाशील मुक्त मूलकांची निर्मिती घडवून आणते. ही मूलके कोशिकापटलांतील मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण करतात, ऊर्जा निर्माण करणाऱ्या कलकणूंना (मायटोकाँड्रियांना) इजा करतात आणि कोशिकेचा सांगाडा बनविणाऱ्या प्रथिनांची मांडणी विस्कटतात. मॅलरी पिंड हे अशाच विस्कटलेल्या प्रथिनांचे पुंजके होत. मद्य आणि तांबे यांचा रासायनिक संबंध नाही. परंतु दोहोंमुळे कोशिकेला होणाऱ्या इजेची वाट एका टप्प्यावर सारखी होते. तान्ह्या मुलाचे यकृत मद्यपी प्रौढाच्या यकृतासारखे का दिसे, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

वयाचे कोडेही यातून उलगडते. गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत गर्भाच्या यकृतात तांब्याचा मोठा साठा केला जातो; नवजात अर्भकाच्या यकृतातील तांबे प्रौढाच्या कित्येक पट असते आणि पुढील काही महिन्यांत ते उतरत जाते. मातेच्या दुधात तांबे फार थोडे, दर लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असते. पित्तावाटे तांबे टाकण्याची क्षमता या वयात पूर्णपणे विकसित झालेली नसते. साठा आधीच भरलेला आणि बाहेर जाण्याची वाट अरुंद, अशा काळात बाहेरून जादा तांबे आले, तर ते पेलण्याची यकृताची शक्ती सर्वांत कमी असते.

दुधाच्या भांड्यापर्यंतचा माग : यकृतात तांबे आहे हे कळल्यावर ते कोठून आले, हा प्रश्न उभा राहिला. पंडित, शीला भावे व टॅनर यांनी पुणे येथे रुग्ण मुलांच्या घरी जाऊन मुलांना काय, कशातून व कोणत्या वयापासून पाजले जाते याची चौकशी केली. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापविलेले व ठेवलेले जनावराचे दूध लवकर सुरू करणे हे विकाराचे संभाव्य कारण म्हणून मांडले. १९८७ साली रुग्ण मुलांची त्यांच्याच वयाच्या निरोगी मुलांशी जोडीने तुलना करण्यात आली, तेव्हाही स्तनपान लवकर थांबणे, वरचे दूध लवकर सुरू होणे आणि पितळी भांड्यांचा वापर या गोष्टी रुग्ण मुलांच्या गटात अधिक आढळल्या. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून पितळी भांड्यातील तांबे दुधात उतरते व दुधातील केसीन या प्रथिनाशी बद्ध होते, हे दाखविण्यात आले.

महाराष्ट्रातील घरांत पितळी भांड्यांना कल्हई करण्याची पद्धत पूर्वापार आहे. भांडे तापवून त्यावर नवसागराची पूड टाकतात आणि वितळलेले कथिल कापसाच्या बोळ्याने आतून पसरतात. या पातळ थरामुळे अन्न व पितळ यांचा प्रत्यक्ष संबंध येत नाही. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, चिंचेची आमटी किंवा अन्य आंबट पदार्थ ठेवला, तर तो कळकतो, हे गृहिणींना चांगले ठाऊक होते. दूध मात्र आंबट नसल्याने त्याबाबत असा धाक वाटत नसे. शीतकपाट नसलेल्या घरात दूध नासू नये म्हणून ते दिवसातून अनेकदा तापविले जाई आणि त्याच भांड्यात राही. म्हणजे ज्या काळजीपोटी दूध तापविले जाई, त्याच काळजीतून तांबे दुधात उतरण्यास वेळ मिळत असे. ज्या घरात पितळी भांड्यांचा भरणा आणि दुभते जनावर या दोन्ही गोष्टी असत, तेथे हे अधिक घडे. विकार केवळ दारिद्र्याचा का नव्हता, हे यावरून समजते. आणि एकाच घरातील भावंडांना तो का होई, याचेही एक स्पष्टीकरण मिळते.

उपचार व प्रतिबंध : तांबे हे कारण असेल, तर ते काढून टाकल्यास रोगाची गती थांबली पाहिजे. १९८७ साली पुण्यातील संशोधकांनी पेनिसिलामिनाच्या चिकित्सात्मक परीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कावीळ व जलोदर झालेल्या मुलांना औषधाचा लाभ झाला नाही. परंतु त्यापूर्वीच्या अवस्थेत उपचार सुरू केलेल्या मुलांपैकी काही वाचली. पूर्वी या अवस्थेतील मुलांचे भवितव्य जवळजवळ ठरलेले असल्याने या निष्कर्षाला महत्त्व आले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन पाठपुराव्यात वाचलेल्या मुलांच्या यकृताची रचना सुधारल्याचे नोंदविण्यात आले. विल्सन रोगात तांबे काढण्याचा उपचार जन्मभर चालवावा लागतो. येथे मात्र तांब्याची आवक थांबल्यावर तो पुढे बंद करता आला. दोष कायमचा नसून वयाच्या एका टप्प्यापुरता आहे, या कल्पनेला त्यामुळे आधार मिळाला.

याच काळात स्तनपान चालू ठेवणे आणि बाळाचे दूध पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात न तापविणे, असा सल्ला पालकांना देण्यात येऊ लागला. प्रतिबंधाविषयीचा अहवाल १९९२ साली प्रसिद्ध झाला. दरम्यान ॲल्युमिनियमाची व पोलादी (स्टेनलेस) भांडी घरोघरी पोहोचली होती आणि कल्हईवाल्याच्या हाकेबरोबर पितळी पातेलीही स्वयंपाकघरातून मागे पडत होती. १९९० नंतरच्या दशकात पूर्वी हा विकार सर्रास आढळणाऱ्या रुग्णालयांत त्याचे नवे रुग्ण क्वचितच येऊ लागले.

टिरोलमधील पुरावा : भारताबाहेरील एका घटनेने या विचारास अनपेक्षित पुष्टी मिळाली. ऑस्ट्रियाच्या पश्चिमेकडील टिरोल या डोंगराळ प्रांताच्या एका मर्यादित ग्रामीण भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ अर्भके व लहान मुले अशाच यकृत्-विकाराने दगावली होती. टोमास म्युलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथेही बाळांना पाणी व साखर मिसळलेले गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यात तापवून देत असत. भांडी बदलल्यावर विकार नाहीसा झाला. मात्र वंशावळी तपासल्यावर विकाराचा प्रसार अलिंगी अप्रभावी आनुवंशिकतेशी (मातापिता या दोघांकडूनही सदोष जीन आल्यासच दोष प्रकट होण्याच्या प्रकाराशी) जुळत असल्याचेही आढळले. म्हणून संशोधकांनी हा विकार परिस्थिती व आनुवंशिकता या दोहोंच्या संयोगाने होणारा मानला. जर्मनीतही तांब्याच्या नळांतून आलेल्या आम्लधर्मी विहिरीच्या पाण्यात कृत्रिम दूध कालवून पाजलेल्या काही अर्भकांना अशाच प्रकारचा विकार झाल्याचे वृत्तांत १९८० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाले होते.

आक्षेप व अनिर्णित प्रश्न : तांब्याच्या कारणकल्पनेवर महत्त्वाचे आक्षेप घेण्यात आले आहेत. पितळी भांड्यातील दूध पिऊन वाढलेल्या मुलांपैकी फार थोड्यांनाच विकार झाला. हर्बर्ट शाइनबर्ग व स्टर्नलिब यांनी १९९४ साली अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यात पिण्याच्या पाण्यात तांबे बरेच असलेल्या तीन गावांतील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. तेथे लहान मुलांत अशा यकृत्-विकाराने एकही मृत्यू आढळला नाही. त्याच वर्षी उंदरांवरील एका प्रयोगात तांबे आणि रेट्रॉर्सीन (काही वनस्पतींत आढळणारे यकृतास विषारी असलेले अल्कलॉइड) ही एकत्र दिल्यास यकृताची हानी वाढते, असे दिसून आले. तांब्याच्या जोडीला दुसरा एखादा घटक लागत असावा, अशी शक्यता यातून पुढे आली. नायक व चितळे यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात भांड्यांतून आलेल्या तांब्याच्या कल्पनेवर मूलभूत आक्षेप घेतले. यकृतातील तांबे खरे असले, तरी ते बाहेरून जादा प्रमाणात आल्याचा पुरावा आपल्या रुग्णांत मिळत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

आनुवंशिक घटकाचा शोधही अपुराच राहिला. टिरोलमधील विकार विल्सन रोगाच्या जीनमुळे होत नसल्याचे १९९८ साली स्पष्ट झाले. बेडलिंग्टन टेरियर या कुत्र्याच्या जातीत आढळणाऱ्या तांब्याच्या विषबाधेस कारणीभूत असलेला जीन २००२ साली सापडला. परंतु मुलांतील या विकारांशी त्याचा संबंध नसल्याचे पुढील वर्षी दाखविण्यात आले. आता रुग्णच मिळत नसल्याने हा शोध पुढे नेणे कठीण झाले आहे.

महत्त्व : कोशिकेत एखादा पदार्थ सापडला म्हणजे तोच रोगाचे कारण होय, असे ठरत नाही, तो रोगाचा परिणामही असू शकतो. या विकारात तांब्याची बाजू बळकट होण्यास चार प्रकारचे पुरावे एकत्र यावे लागले : कोशिकेतील साठा, घरातील आहाराचा इतिहास, तांबे काढल्यावर दिसलेला फरक आणि भांडी बदलल्यावर विकाराची झालेली पीछेहाट. यांपैकी कोणताही एक पुरावा स्वतंत्रपणे निर्णायक नव्हता. विशेषतः शेवटचा पुरावा जपूनच वापरावा लागतो. कारण ज्या काळात भांडी बदलली, त्याच काळात आहार, राहणीमान, लसीकरण व वैद्यकीय सोयी यांतही बदल झाले.

तथापि प्रतिबंधासाठी कारणमीमांसेच्या पूर्णत्वाची वाट पाहावी लागली नाही, ही या इतिहासातील लक्षणीय गोष्ट होय. स्तनपान चालू ठेवणे आणि बाळाच्या दुधासाठी पितळेचे वा तांब्याचे भांडे टाळणे यांत खर्च नव्हता व अपायही नव्हता. उलट, कारण चुकीचे ठरले असते, तरी मुलांचे नुकसान झाले नसते. सुमारे शंभर वर्षे असंख्य घरांतील मुले नेणारा हा विकार त्याचे पूर्ण स्पष्टीकरण मिळण्यापूर्वीच मागे हटला. त्यामुळे त्याच्या कारणांचा प्रश्न शास्त्रीय दृष्ट्या अजून खुला असला, तरी तांब्याचे चयापचय (शरीरात सतत चालणारे रासायनिक-भौतिक बदल) व बाल्यावस्थेतील यकृताची मर्यादित क्षमता यांविषयीचे आजचे ज्ञान बऱ्याच अंशी या संशोधनातून समृद्ध झाले आहे.